उसाला बी नसतं? खुलासा

करवीर, शिरोळकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'उसाला बी नसतंच. मग ८६०३२ आला कुठनं? केमिकल टाकून लॅबमध्ये बनवलेला ऊस आहे.' ८६०३२ हा उसाचा एक वाण, आणि हा मेसेज साफ चूक आहे.

उसाला बी असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात पंचगंगेकाठच्या फडात पांढरा तुरा दिसतो ना, तो उसाचा फुलोरा. पक्व तुरा तळहातावर चोळा, फुंकर मारा. रेशमी कापूस उडतो आणि बी धरलं असेल तर दीड मिलिमीटरच्या आसपासचे तपकिरी दाणे मागे राहतात. इतके बारीक की नीट पाहिल्याशिवाय लक्षातही येत नाहीत.

मग आपण कांडीच का लावतो? कांडीच्या डोळ्यातून येणारं रोप मूळ उसाची हुबेहूब नक्कल असतं. बियाचं तसं नाही. आई-बापाचे गुण दर दाण्यात वेगळे मिसळतात, एकाच तुऱ्यातली दोन रोपं सारखी निघत नाहीत. शेतकऱ्याला ते परवडणार नाही, पण नवीन वाण काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ पासून हेच काम चाललंय : एका जातीचा पराग दुसरीच्या तुऱ्यावर, मग रोपांतून वर्षानुवर्षं निवड. ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन जातींच्या संकरातला. 'को' म्हणजे कोइमतूर. त्याला आई आहे, बापही आहे.

मेसेज पुढं पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका.