आत्तीचा मेसेज आणि नगरपालिकेचा पासवर्ड

मी बेळगावचा, वडगावातला. सहा वर्षं झाली, नेदरलँड्समधे एन्स्खेडेला राहतोय. गावाकडं फोन लावला की दोस्तांचा एकच वाद, स्मार्ट सिटीनं बेळगावला दिलं काय. जानेवारी २०१६ ला पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं, मार्च २०२५ ला मिशन संपलंसुद्धा, एकजण म्हणतो कमांड सेंटर बघ, कॅमेरे बघ, दुसरा म्हणतो वर्षानुवर्षं रस्ते खणून ठेवलेले ते विसरलास काय. दोघांचंही बरोबर आहे. पण त्या कमांड सेंटरच्या सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडं असतो आणि उद्या कोण आत घुसलं तर आम्हाला कोण सांगणार, हे कुणीच विचारत नाही.

मला ते सुचतं त्याला कारण आहे. इथं जवळच हॉफ फान ट्वेंटे म्हणून नगरपालिका आहे, वस्ती ३५ हजाराच्या आसपास. डिसेंबर २०२० मधे हॅकर्सनी तिचं सगळं कामकाज बंद पाडलं, बॅकअपसुद्धा पुसून टाकले. अॅडमिन अकाउंटचा पासवर्ड होता 'वेलकॉम२०२०', म्हणजे आपण 'सुस्वागतम२०२०' ठेवल्यासारखं! खंडणी त्यांनी दिली नाही, आणि चौकशीचा अहवाल पासवर्डसकट लोकांसमोर ठेवला. लाज वाटली असणारच, तरी ठेवला. याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडं २०२१ मधे पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला होता, बेळगावात कितीजणांना माहीत आहे? २०२२ पासून असं काही झालं तर ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं लागतं, ते चांगलंच आहे, पण ते कळवणं वरती दिल्लीला, गल्लीत कोण सांगणार?

आणि सांगणार कुठल्या भाषेत? गेल्या वर्षी माझ्या आत्तीला मेसेज आला, बिल भरलं नाही, रात्री साडेनऊला लाईट तोडणार, या नंबरला फोन करा. तिनं केला. समोरच्यानं एक अॅप घ्यायला लावलं, स्क्रीन त्याला दिसायला लागली आणि पेन्शनचे ३८ हजार गेले. भावानं १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तोवर उशीर झालेला. आत्ती अडाणी नव्हे, मराठी शाळेत शिकलीय, पेपर रोज वाचते, पण बिलाचे खरे मेसेज तिला कन्नड नाहीतर इंग्रजीत येतात, ते कुणाकडनं तरी वाचून घ्यावे लागतात, मग खरा आणि खोटा तिला सारखाच दिसणार की.

इथंही सगळी पत्रं डचमधेच येतात, मीही फोन धरून भाषांतर करतो, पण मी बाहेरनं आलोय, आत्तीचा जन्म तिथला आहे. यात सीमावाद आणायचं कारणच नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, आपली माहिती वापरायची संमती मागताना दिलेली नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची असं लिहिलंय, आणि मराठी त्यात आहे. मग सावध करणाऱ्या चार ओळी मराठीत पाठवायला काय जातंय? कन्नड राहू दे, मोठ्या अक्षरात राहू दे, खाली मराठी येऊ दे.

आत्ती आता कुठलाच मेसेज उघडत नाही. परवा पाण्याचं खरं बिल आलेलं, तेपण तसंच पडून राहिलं, दंड बसला.