'की' म्हणजे किल्ली नव्हे

गेले काही महिने आपल्याकडच्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. भोसरी, चाकण, तळेगावातल्या तिघा-चौघांनी मला तो पाठवला. एकाने खाली "आता काय म्हणता, ताई?" असंही विचारलं. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: एआय आता कुठल्याही भाषेत बिनचूक भाषांतर करतं, तेव्हा निर्यातीसाठी भाषांतरकाराला पैसे देणं ही उधळपट्टी. शंका आली तर तेच भाषांतर उलटं इंग्रजीत करून बघा. परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजी येतंच. वेबसाइटवर भाषेचं बटण टाकलं की झालं. आणि मुलांनी जर्मन-जपानी शिकण्यात वर्षं घालवू नयेत.

मी वीस वर्षं जर्मनमधलं तांत्रिक भाषांतर करते. स्वतःच्या पोटावर पाय येतोय म्हणून ही बोलतेय, असं कुणाला वाटलं तर त्यांनी खालची उदाहरणं स्वतः पडताळून बघावीत.

आधी 'बिनचूक' हा शब्द. मागच्या वर्षी भोसरीतल्या एका कारखान्याची सुट्या भागांची यादी माझ्याकडे आली. एक्सेल शीट होती, यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, जर्मन करून घेतलेली आणि जर्मनीतल्या ग्राहकाने प्रश्नचिन्हं टाकून परत पाठवलेली. त्यात एका ओळीत 'की' होती. शाफ्टवर पुली किंवा गिअर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवतात ती पोलादी पट्टी. आपल्याकडे कुणी तिला की म्हणतं, कुणी चावी. जर्मनमध्ये ती 'पासफेडर'. यादीत मात्र 'श्लुसेल' आलं होतं, म्हणजे कुलपाची किल्ली. चार ओळी खाली बेअरिंगजवळच्या बुशचं, म्हणजे धातूच्या नळीसारख्या भागाचं, झुडूप झालं होतं, कारण इंग्रजीत झुडपालाही 'बुश'च म्हणतात.

यंत्राची बाजूही सांगते. 'शाफ्टच्या खाचेत की बसवा' असं अख्खं वाक्य दिलं तर आजची यंत्रं बहुतेक वेळा बरोबर शब्द निवडतात. 2016 मध्ये गूगलने अख्खं वाक्य एकत्र बघून भाषांतर करणारी न्यूरल पद्धत आणली तेव्हापासून वाक्याच्या पातळीवर फार मोठा फरक पडलाय, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी. पण भागांची यादी, ड्रॉइंगवरची लेबलं, पॅनेलवरची बटणं यांत वाक्य नसतं. एकटा शब्द असतो, आणि शेजारीपाजारी काही नसलं की यंत्र सगळ्यात जास्त वापरातला अर्थ उचलतं. शिवाय जर्मनमध्ये 'नूट' असा एक शब्द आहे. स्पेलिंग अगदी इंग्रजी नटसारखं, अर्थ मात्र खाच, म्हणजे ती पासफेडर बसते तीच जागा. यात माणूसही फसतो, मीही सुरुवातीला फसले होते.

उलटं भाषांतर करून तपासा, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. 'श्लुसेल' उलटं इंग्रजीत केलं तर काय येतं? 'की'. तंतोतंत जुळलं! चूक जाताना झाली आणि येताना स्वतःच स्वतःला झाकून परत आली. त्या कारखान्यात नेमकं हेच घडलं होतं. सगळी यादी उलटी करून पाहिली होती, सगळ्या ओळी जुळल्या होत्या, म्हणून निर्धास्तपणे पाठवली होती.

आकड्यांचं तर आणखी सोपं आहे. इंग्रजीत 1.250 म्हणजे सव्वा. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो आणि हजार तोडायला टिंब, त्यामुळे तिथल्या फिटरला तेच 1.250 साडेबाराशे वाटू शकतं. शब्द भाषांतरित झाले आणि आकडा जसाच्या तसा राहिला, की बोल्ट किती आवळायचा हे वाचणाऱ्याच्या सवयीवर सोडल्यासारखं होतं.

एका शब्दाने काय होतं याचं मोठं उदाहरण बर्लिनचं आहे. 2006-07 मध्ये तिथल्या एका रुग्णालयात 47 रुग्णांच्या गुडघ्यांत सिमेंटने बसवायचे कृत्रिम सांधे सिमेंटशिवाय बसवले गेले. वेष्टनावरच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ 'सिमेंट लागत नाही' असा लावला होता. ही चूक यंत्राची नव्हती, माणसांचीच. पण कोणी जाणकाराने दुसऱ्यांदा वाचलं नाही की काय होतं, ते त्यातून दिसतं. म्हणूनच भाषांतर सेवेच्या आयएसओ 17100 या मानकात भाषांतर दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून पाहणं सक्तीचं आहे.

गिऱ्हाइकाला इंग्रजी येतं? खरेदी विभागातल्या माणसाला येतं. मशिनसमोर उभा राहणारा वेगळा असतो, आणि कायदा त्याचा विचार करतो. युरोपीय संघाच्या 2006/42 या यंत्रविषयक निर्देशानुसार यंत्र ज्या देशात विकायचं, तिथल्या अधिकृत भाषेत सूचनापुस्तिका द्यावीच लागते, आणि मूळ पुस्तिका कोणती, भाषांतर कोणतं, हे तिच्यावर लिहावं लागतं. उत्पादकाच्या स्वतःच्या तंत्रज्ञांसाठी असलेल्या देखभालीच्या सूचनांना थोडी सूट आहे, इतकंच. या निर्देशाची जागा घेणारा 2023/1230 हा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू होतोय. त्यात पुस्तिका डिजिटल देता येईल, छपाईचा खर्च वाचेल. भाषेची अट मात्र कायम आहे. फ्रान्सने तर 1994 च्या तूबाँ कायद्यानेच वापराच्या सूचना फ्रेंचमध्ये हव्यात असं ठरवून टाकलंय. थोडक्यात, पुस्तिका हा तिथे यंत्राचाच एक भाग आहे. आपण बोल्ट न तपासता कंटेनर भरत नाही.

बटणाचं थोडक्यात सांगते. पान उघडल्यावर जागच्या जागी होणारं भाषांतर सर्च इंजिनला दिसत नाही, पीडीएफ कॅटलॉग आणि चित्रांतला मजकूर तसाच राहतो. लेथवर केलेल्या भागांसाठी जर्मन खरेदीदार 'ड्रेटाइले' असं शोधतो. तुमच्या पानावर 'फिरवलेले भाग' अशा अर्थाचा शब्दशः जर्मन मजकूर असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार करायचा आणि त्याचीच ड्रॉइंग फुकटच्या साइटवर चिकटवायची, हे मी इथे सर्रास पाहते. 2017 मध्ये नॉर्वेत उघडकीला आलं होतं की स्टॅटऑइल या तेल कंपनीतला अंतर्गत मजकूर एका फुकट भाषांतर साइटमुळे नेटवर कुणालाही सापडत होता. एआय वापरा, पण कराराने घेतलेली, डेटा बाहेर न जाणारी सेवा वापरा.

मी स्वतः रोज यंत्र वापरते. पन्नास पानी टेंडरमध्ये आपल्या कामाचं काय आहे ते शोधायला, रोजच्या ईमेलला, पहिल्या कच्च्या खर्ड्याला ते उत्तम आहे. यंत्राचा खर्डा माणसाने सुधारण्यासाठी आयएसओ 18587 हे वेगळं मानक 2017 पासून आहे. दर पूर्वीपेक्षा कमी झालेत, वेळही. खर्च कमी करा असं मजकुरात असतं तर मी मान डोलावली असती. खर्च शून्य करा म्हणतात, तिथे माझा विरोध आहे.

आणि मुलांनी भाषा शिकू नये, हे वाचून खरोखर वाईट वाटलं. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवनातून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी पिढ्यांनी पुण्यात परदेशी कारखान्यांचं काम सोपं केलंय. 'श्लुसेल' चुकलंय हे ओळखायला कुणाला तरी जर्मन यायला हवं ना? उलट्या दिशेलाही तेच. परदेशी मशिनच्या पडद्यावर यंत्राने 'इमर्जन्सी स्टॉप'चं केलेलं 'आणीबाणी थांबा' मी पाहिलंय. आपल्या ऑपरेटरला ते लाल बटण 'इमर्जन्सी' म्हणूनच ठाऊक आहे, आणि हात अडकलेला असताना वाचून अर्थ लावायला वेळ नसतो.

भोसरीची ती यादी आम्ही दोन दुपारी बसून सरळ केली. फोरमन काका एकेक भाग रॅकमधून काढून टेबलावर ठेवत, मी ड्रॉइंगवरचा नंबर बघून शब्द लिहीत असे. की आली तेव्हा काकांनी ती तळहातावर ठेवली, शेजारचा शाफ्ट ओढला आणि खाचेत बसवून दाखवली. "ही बघा, ताई. हिला तिकडं काय म्हणतात?"

मी शीटमध्ये 'पासफेडर' लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात फोटो टाकला.