हनोईत पायी फिरायची हौस असेल तर

फुटपाथ चालण्यासाठी असतो, ही समजूत हनोईच्या विमानतळावरच सोडून यावी. जुन्या वस्तीत फुटपाथच्या आतल्या बाजूला दुकानाचा माल असतो. मधल्या भागात गुडघ्याइतकीही उंच नसलेली प्लास्टिकची स्टुलं, आणि त्यांवर फोचे, म्हणजे नूडल्स घातलेल्या सूपचे, वाडगे घेऊन बसलेली मंडळी. कडेला खेटून लावलेल्या मोटारसायकली. उरलेल्या जागेत झाड. आता तुम्ही खाली रस्त्यावर उतराल, तर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत ठरलेली जागा सोडून चालणाऱ्या पादचाऱ्यालाही दीड ते अडीच लाख डोंग (व्हिएतनामचं चलन) दंड आहे. फुटपाथवर गाडी चालवणाऱ्याला ४० ते ६० लाख, म्हणजे तुलनेत तुमची बेशिस्त स्वस्तच पडते.

फरशीचं कौतुक करायला विसरू नका. बऱ्याच रस्त्यांवर ५० ते ७० वर्षं टिकेल असं सांगून नैसर्गिक दगड बसवला होता. तो दोन-चार वर्षांतच तडकला, कारण पाया भुसभुशीत आणि वर चढणार मोटारी. सुटलेल्या फरशीखाली पावसाचं पाणी साचतं. एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून पिचकारी. त्यामुळे पांढरी पँट अवश्य घालावी.

रस्ता ओलांडायचा असेल तर वाहतूक थांबायची वाट बघा. संध्याकाळ झाली की धीर करून पळत सुटा, मध्यावर थबका आणि दचकून एक पाऊल मागे या. मोटारसायकलवाल्याने लांबूनच तुमची चाल जोखून पाठीमागून निघायचं ठरवलेलं असतं. त्याचा हिशेब बिघडवायला ते एक पाऊल पुरतं. एकसारख्या संथ चालीने, येणाऱ्यांकडे बघत सरळ गेलात, तर सगळा लोंढा मागून-पुढून वाट काढून जाईल आणि घरी सांगण्याजोगं काही घडणारच नाही. (बस आणि मोटारी मात्र वळसा घालत नाहीत. त्यांच्यापुढे खरोखरच थांबा, इथे उपरोध नाही.) वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. पण एकेरी रस्त्यावरही उलट येणारा कोणीतरी असतोच, तेव्हा आपली उजवीकडे बघायची सवय अगदीच वाया जात नाही.

पत्ता शोधताना रस्त्याच्या नावावर भिस्त ठेवा. होआन किएम तळ्यापासून उत्तरेला निघालेला एकच सरळ रस्ता हांग दाव, मग हांग ङांग, मग हांग दुओंग आणि शेवटी दोंग शुआन होतो. किलोमीटरसुद्धा न चालता चार नावं. पाटीवर १२/४५/२३४ असं दिसलं तर तारीख समजून पुढे जा. खरं तर ते उजवीकडून वाचायचं असतं: २३४ नंबरचा बोळ, त्यातला ४५ नंबरचा उपबोळ, त्यातलं १२ वं घर. बोळाचं तोंड रस्त्यावरच्या २३२ आणि २३६ नंबरच्या घरांच्या मधे सापडतं. बोळाला तिथे ‘ङो’ म्हणतात, उपबोळाला ‘ङाच’. बाराखडीत उगाच पाठ केलेला ङ शेवटी कामाला येतो तो असा.

दमलात की चहा प्या आणि पैसे संध्याकाळच्या अंधारात, घाईघाईने द्या. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची निळसर हिरवी, दोन्हींवर हो ची मिन्हच. चूक झाली तर फक्त पंचवीस पट. दोन्ही नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवणारी माणसं रसिक नसतात.

एवढं करूनही मोकळं चालायचंच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ७ नंतर तळ्याकाठी जा. २०१६ पासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत तिथले रस्ते वाहनांना बंद असतात. डावीकडे, उजवीकडे न बघता निर्धास्त चाला, आणि भाड्याने घेतलेल्या बॅटरीच्या मोटारीत बसलेलं चार वर्षांचं पोर तुमच्या टाचेवर येऊन धडकलं, तर हॉर्न ऐकू आला नाही म्हणून त्याची माफी मागा.