पीएमटीचा वाढदिवस 1 जूनला नसतो

1 जून आला की एक मेसेज हमखास येतो: ‘आज पुण्याच्या सिटी बसचा वाढदिवस! 1948 साली सरकारने पीएमटी सुरू केली. त्याआधी पुण्यात नुसते टांगे आणि सायकली. पुढे तिचंच नाव बदलून पीएमपीएमएल केलं. सरकारी खातं, म्हणून तोटा.’ एवढ्याशा मजकुरात तारीख तेवढी खरी, आणि तीही दुसऱ्याची.

1 जून 1948 हा एसटीचा दिवस. त्या दिवशी तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या सरकारी सेवेची पहिली गाडी नगर–पुणे मार्गावर धावली. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बसशी तिचा संबंध नाही. स्वारगेटला दोघींचं बस्तान शेजारी-शेजारी, त्यामुळे घोळ होतो हे कबूल. पण शेजारणीचा वाढदिवस आपल्या घरी कोणी करत नाही.

‘नुसते टांगे’ म्हणणाऱ्यांनी तर एक अख्खी कंपनीच गिळली आहे. पीएमटीच्या आधी, 1940 च्या दशकात, पुण्यात सिटी बस होती आणि ती चक्क खासगी होती: सिल्व्हर ज्युबिली मोटर्स. टांगे-सायकली भरपूर होत्या, पण बसही होती.

सरकारने पीएमटी सुरू केली हेही खरं नाही. 15 फेब्रुवारी 1950 ला पुण्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. महापालिकांसाठी 1949 मध्ये जो प्रांतिक कायदा झाला, त्यात परिवहन उपक्रम, परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक यांची तरतूद होती. म्हणजे बस चालवायची तर स्वतःची समिती नेमून, स्वतंत्र हिशेब ठेवून. त्याच 1950 साली महापालिकेने सिल्व्हर ज्युबिलीची सेवा ताब्यात घेतली आणि पीएमटी झाली. मालक शहर होतं, मुंबईचं सरकार नव्हे. (तिकीट महागलं की पुणेकर हक्काने नगरसेवकाला का धरायचे, ते यावरून कळावं.)

‘नाव बदललं’ म्हणणाऱ्यांना पिंपरी-चिंचवड आठवत नाही. तिथे 1974 पासून पीसीएमटी ही त्या शहराची वेगळी सिटी बस होती, आणि तेव्हा ते शहर महापालिकाही नव्हतं. महापालिका झाली 1982 ला. 2007 मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल उभी राहिली. जुन्या दुकानावर नवी पाटी लावली असं झालं नाही, दोन दुकानं मोडून एक केलं.

आता ते ‘सरकारी खातं’. पीएमपीएमएल ही कंपनी आहे, संचालक मंडळ असलेली. पुण्याचा हिस्सा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40. तोटा होतो, नाही कोण म्हणतं? पण तो भरायला याच दोन महापालिका आपापल्या हिश्श्याप्रमाणे पैसे देतात. जाब विचारायचाच असेल तर या दोन दारांत विचारा. एसटीच्या फोटोला हार घालून तो कुणालाच पोचत नाही.