राजवाडा बंद नसतो हो!

बँकॉकमध्ये पहिल्या दिवशी एकट्यादुकट्याला कुणी सुखाने चालू देईल तर शपथ! ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत चालायला लागलं की इस्त्रीचा शर्ट घातलेला एखादा गृहस्थ हमखास आडवा येतो. "राजवाडा आज बंद आहे, बौद्ध सण आहे, दुपारनंतर या." मग नकाशा उघडतो, पेनाने दोन-तीन देवळांभोवती गोल काढतो आणि शेजारच्या टुकटुककडे, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाकडे, बोट दाखवतो. वीस बाटमध्ये (बाट म्हणजे थायलंडचं चलन) सगळं फिरवून आणेल म्हणे! त्या फेरीत शिंप्याचं आणि रत्नांचं दुकान असतंच, कारण गिऱ्हाईक आणलं की चालकाला कमिशन मिळतं. आपला अख्खा दिवस मातीत. आणि राजवाडा? तो सकाळी साडेआठपासून उघडाच असतो. राजघराण्याचा समारंभ असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

टॅक्सीचं तेच. टपावर ‘टॅक्सी-मीटर’ लिहिलेलं, पण मीटर टाका म्हटलं की मान हलवून काच वर. एटीएम तर परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा त्याहून जास्त कापतं. तेवढ्यात गाडीवर दोन वेळचं पोटभर जेवण होतं!

श्रीमंतांना हॉटेलची गाडी घ्यायला येते. ज्याने पै-पै साठवून रात्रीचं स्वस्त विमान पकडलं, जो जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी पाठीवर बोजा घेऊन चालतोय, नेमकं त्यालाच का लुबाडता रे?