रानातली झुरळं बरणीत आणली तरी घरात पसरत नाहीत

गोरेगावच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कॉलेजची मुलं अभ्यासासाठी आरेच्या जंगलातून झुरळं पकडून आणतात, ती सुटली की बिल्डिंगभर होतील. ही भीती खरी नाही.

आपल्या मोरीत दिसणारं मोठं तांबूस झुरळ मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांबरोबर जगभर पोचलेलं. रानातल्या जाती वेगळ्या. जगात झुरळांच्या ४,५०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जेमतेम तीसेक माणसाच्या वस्तीत राहतात. बहुतेक रानझुरळं ओलसर पालापाचोळ्यात जगतात, कुजकी पानं खाऊन माती घडवतात. कोरड्या लादीवर ती फार टिकत नाहीत. दक्षिण भारतातलं काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं झुरळ तर इतकं देखणं आहे की ओळखूच येत नाही!

पकडण्याची पद्धतही साधी आहे. जमिनीत तोंडापर्यंत पुरलेली बरणी, आत पिकलेलं केळं, कडेला आतून व्हॅसलीन. सकाळी लवकर बरणी काढायची, नको ते किडे तिथंच सोडायचे.

एक काळजी मात्र रास्त आहे. आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवान्याशिवाय काहीही उचलता येत नाही, झुरळसुद्धा नाही. अभ्यास करणाऱ्यांनी हे पाळायलाच हवं.