मायक्रोइमल्शन त्वचेतून ‘थेट रक्तात’ जातं?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मायक्रोइमल्शनचे (तेल आणि पाणी एकजीव झालेल्या नितळ द्रवाचे) थेंब त्वचेच्या छिद्रांहून बारीक असतात, ते औषध घेऊन थेट रक्तात उतरतात, त्यामुळे इन्सुलिनसकट सगळी औषधं नुसती चोळून घेता येतील, आणि पोट वाचल्यामुळे दुष्परिणामही नाहीत.

थेंब बारीक असतात हे खरं. तेल, पाणी, सर्फॅक्टंट (तेल-पाण्याला एकत्र ठेवणारा साबणासारखा घटक) आणि बहुधा जोडीला एखादं अल्कोहोल योग्य प्रमाणात आलं, की फारशी घुसळण न करता नितळ द्रव तयार होतो. होअर आणि शुलमन यांनी १९४३ मध्येच असा द्रव नोंदवला होता. थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे.

पण छिद्रांची गोष्ट लंगडी आहे. घामाच्या आणि केसांच्या वाटा त्वचेचा जेमतेम हजारावा भाग व्यापतात. खरा अडसर स्ट्रॅटम कॉर्नियमचा, म्हणजे १०-२० मायक्रोमीटर जाडीच्या मृत पेशींच्या थराचा. पेशी विटांसारख्या रचलेल्या, मधल्या फटी मेदाने लिंपलेल्या. त्या मेदातून अख्खा थेंब पार होत नाही.

मग औषध जास्त शिरतं ते कसं? द्रव त्वचेवर पसरला की पाणी आणि अल्कोहोल उडायला लागतं. प्रमाण बिघडतं आणि मायक्रोइमल्शन मायक्रोइमल्शन राहतच नाही. उरतं तेल, सर्फॅक्टंट आणि त्यात दाटत चाललेलं औषध. दाटल्यामुळे त्याची त्वचेकडची ओढ वाढते. ओलेइक आम्लासारखा घटक असेल तर तो मेदाची घट्ट रचना विस्कटतो. आत जातो तो औषधाचा सुटा रेणू. आणि औषधाला त्या तेलातच फार करमलं, तर ते बाहेर पडायचं नावच घेत नाही! म्हणून ‘जास्त विरघळलं म्हणजे जास्त शिरलं’ हेही गृहीत धरू नये.

इन्सुलिनचा दावा तर सरळ आकड्यांवर आपटतो. बोस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडलेला ठोकताळा सांगतो, की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा जात नाहीत. पॅचमधून दिलं जाणारं निकोटिन १६२, तसंच दिलं जाणारं तीव्र वेदनाशामक फेंटानिल सुमारे ३३६, इन्सुलिन सुमारे ५,८००. वाहन बदललं म्हणून प्रवासी लहान होत नाही. रेणू लहान असला तरी मात्रेचा प्रश्न उरतोच: निकोटिनचा मोठा पॅच दिवसभरात २१ मिलिग्रॅम देतो, पॅरासिटामॉलची एक गोळीच ५०० मिलिग्रॅमची असते.

शिवाय रक्तात पोचणं हे दर वेळी उद्दिष्टही नसतं. एका गुडघ्याला नेमून दिलेल्या मात्रेत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल लावलं, तर रक्तात पोचणारं औषध तोंडाने घेतलेल्या गोळ्यांच्या सुमारे ६ टक्केच भरतं. तिथे तोच तर फायदा!

राहिला दुष्परिणामांचा मुद्दा. मायक्रोइमल्शनमध्ये सर्फॅक्टंटचं प्रमाण भरपूर असतं, आणि जो घटक अडसर सैल करतो तोच आग आणि लाली आणू शकतो. रक्तात गेलेलं औषध तर कुठल्याही वाटेने आलं तरी औषधच. फेंटानिलचा पॅच लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, अशी ताकीद असते ती उगाच नाही: उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं आणि श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.